पुराच्या रेघेखालचे मासे

प्रश्न: ताई, नमस्कार. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. वय ५७. शनिवार पेठेत, शनिवारवाड्याच्या मागच्या एका बोळात आमचं बिऱ्हाड होतं. खाली दोन खणांची खोली, वर पोटमाळा. १९८९ साली आम्ही कोथरूडला आलो. वाड्यात सात बिऱ्हाडं होती, ती एकेक करत गेली. शेवटचं जाऊनही आता दहाएक वर्षं झाली, वाडा तेव्हापासून बंद आहे. जिन्याखालच्या भिंतीवर पानशेतच्या पुराची रेघ होती. आजी बोट ठेवून सांगायची, "इथवर पाणी होतं." मी सात-आठ वर्षांची असताना त्या रेघेखाली कोळशाने आणि गेरूने मासे काढले. मालकीणबाईंनी आईला ऐकवलं, दिवाळीत भिंतीला चुना मारला, मी पुन्हा काढले. आजही माझ्या पुस्तकात घर आलं की ते हेच येतं आणि त्यात कुठेतरी एक मासा असतो. गेले आठ महिने मात्र कागदावर काही उतरत नाही. आई गेल्या वर्षी गेली, तेव्हापासून कामाचा नुसता ढीग साचलाय. आता कळलं की वाड्याला महापालिकेची नोटीस आली आहे, पावसाळ्याआधी वरचा मजला उतरवणार. एकदा आत जाऊन यावं असं फार वाटतं. मुलगी म्हणते, "डोक्यात आहे तोच वाडा छान आहे, पडका बघशील तर तोच दिसत राहील." भाऊ म्हणतो, "घुशी आणि कबुतरं आहेत, काय ठेवलंय तिथे?" दोघांचंही पटतं आणि पटतही नाही. जाऊ का? आणि गेलेच, तर एखादी खिडकी मागून घरी आणू का?
— एक चित्रकार, कोथरूड

उत्तर: जा.

मुलीचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पडकं घर बघून आलं की चार दिवस डोळे मिटले तरी तेच समोर येतं. पण तुमच्या डोक्यातला वाडा तुम्ही इतकी वर्षं काढत, खोडत, पुन्हा काढत आला आहात. तासाभरात ढासळावा इतका तो कच्चा नाही. माझी अट एकच आहे, आणि ती जायच्या आधीची आहे. एका मोठ्या कागदावर वाड्याचा नकाशा आठवणीतून काढा. चित्र नको, नकाशा. दिंडीतून वाकून आत आलं की बोळकंडी किती पावलांची? चौकात हौद कुठल्या हाताला? जिना कुठल्या कोपऱ्यातून चढतो, पायऱ्या किती, वळण कितव्या पायरीला? धरायला दोरी होती ती डावीकडे की उजवीकडे? तुमच्या खोलीतलं फडताळ, कोनाडा, मोरी, बंब ठेवायची जागा. जिथे आठवत नाही तिथे कोरं सोडा, ठोकून देऊ नका. मग तो कागद पिशवीत घालून जा आणि तिथे उभं राहून ताडून बघा.

तुम्ही बऱ्याच ठिकाणी चुकलेल्या असणार. पुस्तकातला जिना लांबच लांब अंधारात चढत जातो आणि तिथे तो अकरा पायऱ्यांचा निघेल. चौकात तुम्ही चित्रांमधून अख्खी वरात उतरवली असेल, आणि तो तुमच्या आताच्या हॉलएवढाही भरणार नाही. त्या चुका सुधारू नका. शेजारी लाल पेन्सिलीने खरं माप लिहा आणि पुढे चला. घरी आल्यावर तो कागद भिंतीला लावून ठेवा. वाड्याने तुम्हाला किती दिलं आणि तुम्ही पदरचं किती घातलं, त्याचा हिशोब त्या लाल आकड्यांत असेल. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं म्हणून हे सांगते. "घर आलं की ते हेच येतं" असं तुम्ही लिहिता, म्हणजे चित्रं वाडाच काढतो आणि तुम्ही नुसती पेन्सिल धरता. मला ते मान्य नाही.

त्या माशांचंच बघा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि मुठेकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. मी तेव्हा पाच वर्षांची होते. आमचं घर सदाशिव पेठेत, उंचावर, म्हणून वाचलं. पण पाणी ओसरल्यानंतर चिखलाचा जो वास आठवडेच्या आठवडे राहिला तो अजून नाकात आहे. आमच्या पिढीच्या घरांतून ती रेघ दाखवताना मोठ्या माणसांचा आवाज खाली यायचा. मातीच्या भिंतींचे किती वाडे बसले, कोणाची काय वाताहत झाली, हे सगळं त्या एका बोटाबरोबर यायचं. आजीने तुम्हाला दाखवली ती घाबरायची रेघ होती. त्या वाड्यात सात बिऱ्हाडं होती, म्हणजे पोरंही पंधरा-वीस असतील, आणि रेघ सगळ्यांनाच दाखवली गेली असेल. रेघेखाली पाणी आहे तर मासे हवेतच, हे एकटीला सुचलं. ते भिंतीने सुचवलेलं नाही.

मासे दिसतील असं मनात धरून मात्र जाऊ नका. तुम्ही निघेपर्यंतच दहा-बारा दिवाळ्यांचा चुना त्यांच्यावर चढला होता. पुढच्या बिऱ्हाडांनी कदाचित वर ऑइलपेंटही फासला असेल. ओलीने पोपडे सुटून आतला एखादा थर उघडा पडलेला असतो कधीकधी, पण तो नेमका तुमचाच असेल याचा नेम नाही. बघायचंच तर टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. समोरून धरलं तर सगळं सपाट दिसतं, आडव्या उजेडात ओरखडे उठून येतात. काही सापडलं तर फोटो काढा आणि हात मागे घ्या. नखाने खरवडायला गेलात तर मासा नखातच येईल.

आता भावाच्या प्रश्नाकडे. काय ठेवलंय तिथे? माझ्या बहिणीनेही मला हेच विचारलं होतं. आमचा वाडा पाडायच्या आधी एकदा जाऊन येऊ म्हणून मी वर्षभर नुसती घोकत होते. कधी पाऊस, कधी पाहुणे. आणि ती म्हणायची, "आपल्याकडे फोटो आहेत की." एके दिवशी रिक्षातून जाताना बघितलं तर तिथे पत्रे आणि पत्र्यांमागे खड्डा. घरी येऊन अल्बम काढला. मुंजी, डोहाळजेवणं, एसएससीचे पेढे. प्रत्येक फोटोत कोणीतरी घराच्या पुढ्यात उभं राहून घर झाकलंय. आमच्या ओटीचा सबंध खांब एकाही फोटोत नाही. एकात खालचा दगड आहे आणि मध्ये काकांचं पोट, दुसऱ्यात वरची केळफुलाची नक्षी आणि तिच्याखाली मावशीचा अंबाडा. मधला खांब मी आजवर तीनदा काढून बघितला. दर वेळी वेगळा येतो. म्हणून तुम्हाला सांगते, जा, आणि फोटो काढाल तेव्हा कोणालाही मध्ये उभं करू नका. स्वतःलाही नाही.

वाडा इतकी वर्षं तसाच का पडून राहिला, याचं नवल वाटत असेल तर तेही सांगते. शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक. २०१० साली कायदा बदलला आणि अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद झालं. परवानगी काढून दुरुस्ती करता येते. पण पाच वारस आणि सात बिऱ्हाडं असलेल्या घराची दुरुस्ती कोणी करायची आणि पैसे कोणी घालायचे, यावर एकमत होईपर्यंत कौलं राहत नाहीत. नवं बांधता येत नाही म्हटल्यावर बिल्डरही फिरकत नाही. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळून गेला, उरले ते दरवाजे, तट आणि जोती, आणि ती आपण तिकीट काढून बघतो. त्यांच्या राखणीपायी मागच्या बोळातले उभे वाडे आडवे होताहेत, आणि तिकडे बघायला तिकीट सोडा, वेळही कोणाला नाही. असो. माझी ही तक्रार जुनी आहे, घरचे आता ऐकून घेत नाहीत.

आत जायचं कसं, ते नीट वाचा. कुलूप कोणाचं तरी आहे आणि पत्र्याच्या फटीतून शिरणं तुमच्या वयाला आणि गुडघ्यांना शोभणारं नाही. आधी मालकांना विचारा. ते कुठे असतात हे शोधायला मिळकत पत्रिका काढायची गरज पडू नये. बोळाच्या तोंडाशी जे सगळ्यात जुनं दुकान असेल त्याच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला किल्ली कोणाकडे असते हे ठाऊक असतं. फोन लागला की पहिल्याच वाक्यात सांगून टाका, "आम्हाला जागेचं काही नको, फक्त तासभर बघायचंय." जुनं बिऱ्हाड परत दारात आलं म्हटलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. तुमच्या घरात कोणाला हक्काबिक्काचं काही विचारायचं असेल तर तो वेगळा दिवस, वेगळा माणूस आणि सोबत वकील. त्याची भेसळ इथे नको. तोंडी हो म्हणाले तरी दिवस आणि वेळ लिहून मेसेज टाकून ठेवा.

एप्रिल संपायच्या आत जा, अकरा ते एकच्या मध्ये. चौकात ऊन उतरतं ते तेव्हाच. मातीचा वाडा बंद पडला की आधी कौलं सरकतात, मग पाणी भिंतीच्या माथ्यातून आत शिरतं. दोन-अडीच फूट जाडीची भिंत बाहेरून धडधाकट दिसते, पण आतल्या मातीचा लगदा होऊन तिला पोट सुटलेलं असतं. सागवानाला काही झालं नसेल असं आपण म्हणतो, आणि खांब खरंच ठणठणीत असतात. पण तुळईचं जे टोक भिंतीत घुसलेलं असतं ते ओलीने आतल्या आत कुजतं आणि खालून बघणाऱ्याला कळत नाही. त्यावर कड्या, कड्यांवर पाट आणि पाटांवर वितभर मातीची जमीन. म्हणून वरच्या मजल्यावर जायचं नाही. पोटमाळा खालूनच बघायचा. आठवणी तुमच्या असल्या तरी वजन ५७ वर्षांच्या बाईचं आहे, हे त्या पाटांना कळतं.

दुसरी जागा चौकातली. कात्रजहून नळाने पाणी यायचं तेव्हाचे हौद अनेक जुन्या वाड्यांत होते, काहींत आडही होते. पुढे कोणीतरी त्यावर फळ्या किंवा पत्रा टाकतं आणि वर माती-पाला साचून ते जमिनीसारखंच दिसायला लागतं. तुमच्या नकाशात हौद कुठे आहे ते आधी बघून ठेवा, आणि आठवण डावीकडे सांगत असली तरी उजवीकडेही काठी आपटून मगच पाऊल टाका. नाका-तोंडावर चांगला मास्क लावा, नुसतं फडकं पुरत नाही, कबुतरांची विष्ठा वाळून उडते ती छातीला वाईट. एकटीने जायचं नाही. आणि दारातूनच भिंत फुगलेली दिसली, तर तिथूनच नमस्कार करून मागे फिरा. तेवढ्यासाठी आलात असं समजा.

मालक नाहीच म्हणाले, तर समोरच्या इमारतीच्या जिन्याच्या खिडकीतून छप्पर आणि दर्शनी भिंत काढा. कोणी म्हणेल, विश्रामबागवाडा बघून घ्या, सारखाच. तिथले सुरूचे खांब बघण्यासारखे आहेत, नाही म्हणत नाही. पण तो दुसऱ्या बाजीरावाचा राजवाडा आहे, त्याला मोरीत उकिडवं बसून भांडी घासणारी बिऱ्हाडं ठाऊक नाहीत.

खिडकी आणू नका. एक तर ती मालकांची आहे. जुन्या सागवानाला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात भाव येतो, त्यामुळे उतरवायच्या दिवशी एकेका तुकड्याची मोजदाद होईल आणि तुमच्या मागण्यावरून उगाच कडवटपणा येईल. दुसरं म्हणजे ती तुमच्या फ्लॅटच्या भिंतीवर लावल्यावर तिच्यातून काय दिसणार? गिलावा. शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात कोरीव दारं आहेत, कोथरूडहून हलवलेला मस्तानी महाल आहे. तिथे त्यामागे एका माणसाचं आयुष्य आणि नेमका हेतू होता, म्हणून ते शोभतं. आपल्याकडे खिडकी आली की तिच्यावर मनीप्लँट चढतो. मागायचंच असेल तर ज्याला बाजारात भाव नाही असं काही मागा. एखादं कौल, एखादी खुंटी. ते कोणी नाही म्हणत नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, ते. हात आठ महिने थांबलाय. आई गेल्या वर्षी गेली, आणि हे तुम्ही कामाच्या ढिगाऱ्याबरोबर एका वाक्यात उरकलंत. पत्र मी दोनदा वाचलं. त्यात मालकीणबाई आहेत, त्यांचं ऐकवणं आहे, आजी आहे, घुशीसुद्धा आहेत. आईच्या वाट्याला तेवढं ऐकून घेणं आलंय. मासे काढल्यावर बोलणी तिने खाल्ली, आणि तरी पुढच्या वर्षी तुमच्या हातात कोळसा होताच. तो कुठून आला? स्वयंपाकघरातला कोळसा मोजून वापरायचे ते दिवस होते. मला वाटतं तिला दिसत होतं आणि तिने बघितलं नाही. मी चुकतही असेन, तुमच्या आईला मी ओळखत नव्हते.

म्हणून वाडा बघितला की हात चालायला लागेल अशी आशा बांधून जाऊ नका. बंद घराकडून तेवढं मागू नये. तुमचा हात वाड्यापायी अडलाय असं मला वाटत नाही. इतकी वर्षं एखादं चित्र चुकलं, तर "अगं, मोरी त्या बाजूला नव्हती" म्हणणारं एक माणूस घरात होतं. आता म्हणणारं कोणी नाही, म्हणून पेन्सिल कागदापाशी जाऊन थांबत असेल. तसं असेल तर त्याला वेळ लागेल, आणि तो लागू द्या. प्रकाशकाला साधा फोन करून "आई गेली, उशीर होईल" एवढं सांगा. आठ महिने "झालंच आहे, पाठवते" सांगत असाल, तर ते आधी थांबवा. हे वर्षभर पुरलं आणि तरीही झोप, भूक, उठणं-बसणं सगळंच बिघडलेलं राहिलं, तर डॉक्टरांशी बोला. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मोरी कुठे होती हे सांगू शकणारं आणखी एक माणूस मात्र आहे. तो भाऊ, ज्याला तिथे काही ठेवलेलं दिसत नाही. तुमचा नकाशा त्याला आधी दाखवू नका. त्यालाही एक कोरा कागद द्या, चहा द्या आणि काढ म्हणावं. "मला कुठे चित्रं येतात" म्हणेल. येऊ नयेतच. तो चौकात क्रिकेट खेळला असेल, तर त्याच्या नकाशात स्टंप कुठे होते आणि चेंडू कोणाच्या खिडकीत जायचा ते येईल. तुमच्याकडे यातलं काही नसेल. दोन्ही कागद शेजारी ठेवा. भांडण होईल, होऊ द्या. जिना कुठल्या हाताला वळतो यावर तुमचं दोघांचं जमलं नाही, तर घुशी-कबुतरांचं विसरून तोच तुम्हाला घेऊन जाईल, पैज लावून.

चपला घालून जाऊ नका, बूट घाला. टॉर्च आणि मोजपट्टी त्यालाच आणायला सांगा.